पाच खणांचे घर : जॉर्जियन वास्तू आणि घोडनदीचा काठ

इंग्लंडच्या इतिहासात ‘जॉर्जियन’ म्हणतात तो काळ १७१४ ते १८३०. एकापाठोपाठ एक चार जॉर्ज गादीवर बसले म्हणून हे नाव पडले. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळाली १७१३ मध्ये, आणि दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला जून १८१८ मध्ये. म्हणजे पेशवाई जवळजवळ पूर्णपणे जॉर्जियन काळात बसते. शाळेत ही दोन प्रकरणे आपण वेगवेगळ्या पुस्तकांत शिकतो, म्हणून ती एकाच शतकातली आहेत हे सहसा जाणवत नाही. मला ते जाणवले घरे पाहताना. राज्यकर्ते आपल्याविषयी जे लिहून ठेवतात, त्यापेक्षा त्यांनी बांधलेली घरे पुष्कळदा जास्त बोलून जातात.

एकच जोडी पाहा. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो रॉबर्ट वॉलपोल १७२१ मध्ये सत्तेवर आला आणि १७४२ पर्यंत टिकला. थोरले बाजीराव १७२० ते १७४० पेशवे होते. वॉलपोलने नॉरफोक परगण्यात हाउटन हॉल हे आपले घर १७२२ ते १७३५ या काळात बांधले. बाजीरावांनी शनिवारवाड्याची पायाभरणी जानेवारी १७३० मध्ये केली आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. दोन राज्यांचे दोन मुख्य प्रधान, दोघांची घरे एकाच दशकात उभी राहत होती, आणि दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हाउटन आजही उभे आहे. शनिवारवाड्याचा दगडी कोट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि कारंज्यांची जोती शिल्लक आहेत; आतला लाकडी महाल १८२८ च्या आगीत गेला.

जॉर्जियन घर म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे, कारण आपल्याकडे कमान असली की ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. मुंबईतले कमानीदार, टोकेरी, नक्षीने भरलेले सीएसएमटी स्थानक व्हिक्टोरियन आहे, जॉर्जियन नव्हे. जॉर्जियन घर त्याच्या उलट स्वभावाचे. समोरून पाहिले तर मधोमध दार, दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्याच खिडक्या. पाच किंवा सात उभे पट्टे. दारावर कधी ग्रीक देवळासारखा त्रिकोण, बाकी भिंत जवळजवळ कोरी. वर-खाली सरकणाऱ्या तावदानांच्या खिडक्या. तळमजल्याच्या किंवा पहिल्या मजल्याच्या खिडक्या उंच, कारण बैठकीच्या खोल्या तिथे. वरच्या मजल्यावरच्या ठेंगण्या, कारण तिथे मुले आणि नोकर. म्हणजे घरातला मानपान खिडकीच्या उंचीवरून रस्त्यावरूनच वाचता येई. सौंदर्य सगळे मापांच्या प्रमाणात, नक्षीत फारसे नाही.

ही मापे आली इटलीतून. सोळाव्या शतकातल्या आंद्रेआ पॅलाडिओने १५७० मध्ये वास्तुशास्त्रावर चार भागांचा ग्रंथ छापला होता. त्याचा इंग्रजी अनुवाद आणि कोलेन कॅम्बेलचा ‘व्हिट्रुव्हियस ब्रिटानिकस’ हा घरांच्या नकाशांचा संग्रह, दोन्ही १७१५ च्या आसपास बाहेर पडू लागले. तेव्हापासून जॉर्जियन घर ही पुस्तकातून बांधता येणारी गोष्ट झाली. मालकाने पुस्तक उघडावे, गवंड्याने त्यातून माप घ्यावे. सरदाराचे भव्य घर आणि गावातल्या पाद्र्याचे लहान घर एकाच घराण्यातले दिसते ते यामुळे. ही पुस्तकी वृत्ती पुढे समुद्र ओलांडून आली, म्हणून ती लक्षात ठेवू.

खिडक्यांवर इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत कर होता. काही मालकांनी कर चुकवण्यासाठी खिडक्या विटांनी बुजवल्या. पण काही घरांत आधीपासूनच आंधळ्या खिडक्या आढळतात: आत चूल किंवा जिना आल्यामुळे खिडकी काढणे शक्य नाही, तरी बाहेरून डावी बाजू उजवीसारखी दिसलीच पाहिजे, म्हणून नुसती चौकट. राहणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याचा विचार आधी, असे हे घर.

आपला वाडा नेमका दुसऱ्या टोकाला. बाहेरून पाहावे तर खाली काळ्या दगडाचे जोते, वर वीट आणि पांढऱ्या मातीची जाड भिंत, खालच्या मजल्याला खिडक्या जवळजवळ नाहीतच. दिंडी दरवाजातून वाकून आत जावे, देवडी ओलांडावी, वळण घ्यावे, तेव्हा कुठे चौक दिसतो. सारी शोभा त्या चौकात: लाकडी खांब, कोरलेली तुळईची टोके, तुळशीवृंदावन, सोपा, पुढे माजघर, देवघर, मागे परसदार. धान्यासाठी बळद, जमिनीत पेव. वाटेवरून जाणाऱ्याला वाडा काहीच सांगत नाही. कुणबी, कोष्टी, सावकार, फडणीस यांपैकी कोणाच्या भिंतीमागे किती आहे, हे कळू नये अशीच रचना. ज्या मुलखात मोगलांच्या, पेंढाऱ्यांच्या आणि कधी आपल्याच फौजांच्या धाडी पडत, तिथे घराने तोंड आत वळवणे शहाणपणाचे होते.

तरी या दोन घरांत एक साम्य आहे आणि ते मला फार आवडते. वाडा मोजायचा तो खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण; ते लाकडी तुळईला पेलेल इतकेच. तीन खणी, पाच खणी, सात खणी असे घराचे मोठेपण सांगितले जाई. इंग्लंडमध्ये जॉर्जियन घर अजूनही याच रीतीने सांगतात: पाच पट्ट्यांचे, सात पट्ट्यांचे. दोन्हीकडे सुताराच्या लाकडाने घराला शिस्त लावली, आणि दोन्हीकडे विषम संख्या पसंत, कारण मधोमध दार हवे. नॉरफोकच्या सुताराला आणि पुण्याच्या सुताराला समोरासमोर बसवले असते, तर भाषेवाचूनही त्यांचे जमले असते.

घराला पैसा कुठून आला, हा प्रश्न मात्र सुताराचा नाही. जॉर्जियन घर उभे राहिले जमिनीच्या खंडावर. अठराव्या शतकात पार्लमेंटने हजारो कायदे करून गावाची सामाईक कुरणे आणि पड जमीन कुंपणाआड घातली. शेतकरी खंडकरी झाला, खंड रोखीत येऊ लागला, आणि त्या रोखीतून खिडक्या उघडल्या. खिडकीतून दिसणारा देखावाही मालकीचा असावा असे वाटू लागले. वॉलपोलने हाउटनचे घर बांधले तेव्हा आधीचे गाव त्याच्या बागेत येत होते. ते पाडून नवे गाव फाटकाबाहेर, सरळ रांगेत बांधून दिले. देखाव्यासाठी गाव उठवण्याचा हा प्रकार एकट्या हाउटनचा नव्हे. केडलस्टन, न्यूनहॅम कोर्टनी, मिल्टन ॲबस अशी नावांची मालिकाच आहे.

आपल्या वाड्याने गाव उठवले नाही. तो गावातच राहिला, बलुतेदारांच्या आळ्यांना खेटून. पण म्हणून वाडा निष्पाप ठरत नाही. ज्या महाराने वेस राखली, सारा तालुक्याच्या कचेरीत पोचवला, हद्दीच्या भांडणात ज्याची साक्ष शेवटची मानली गेली, त्याला देवडीच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. इंग्रज मालकाने नको असलेली माणसे बागेबाहेर नेऊन ठेवली. आपण ती वेशीबाहेर आधीच ठेवलेली होती.

आता शिरूर तालुक्यात येऊ. इथले मलठण हे गाव पवार घराण्याशी जोडलेले आहे. याच घराण्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात तलवार चालवली आणि धारचे राज्य उभे केले. घोडनदीच्या खोऱ्यातली जमीन हलकी, पाऊस बेताचा. ज्वारी-बाजरीच्या सारावसुलीवर इथे मोठा वाडा उभा राहणे कठीण. पैसा माळव्यातल्या चौथ-सरदेशमुखीचा आणि सरंजामाचा. वसूल नर्मदेपलीकडे आणि वाडे घोड-भीमेच्या काठी, हा देशावरच्या अनेक सरदार घराण्यांचा हिशेब होता. याच तालुक्यातले पाबळ बाजीरावांनी मस्तानीला दिले. तिची कबर तिथे आहे. कुठल्या तरी लांबच्या मुलखातून पैसा यावा आणि त्याचे घर आपल्या मुलखात व्हावे, ही इंग्रजांची खास रीत होती असे म्हणणे खरे नाही.

इंग्रजांकडे तीच रीत कशी चालली याचे पुण्याशी जोडलेले एक उदाहरण आहे. चार्ल्स वेअर मॅलेट हा कंपनीचा पुण्यातला पहिला रेसिडेंट. तो १७८६ मध्ये आला. मुळा-मुठेच्या संगमाजवळ त्याला जागा मिळाली आणि तिथे रेसिडेन्सीचे बंगले व बाग झाली. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांचा तह झाला, त्यात मॅलेटचा वाटा मोठा; त्याबद्दल त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच्या आश्रयाने पुण्यात राहिला, गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने त्याच्यासाठी चित्रे काढली. मॅलेट मायदेशी परतला, वेल्सच्या मुलीशी लग्न केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्टशर परगण्यात विल्बरी नावाचे घर विकत घेतले.

विल्बरी साधे घर नव्हते. ते १७१० मध्ये विल्यम बेन्सनने स्वतःसाठी बांधले. पहिला जॉर्ज यायला अजून चार वर्षे होती, पण ज्याला पुढे जॉर्जियन म्हटले गेले ते सारे त्यात आधीच होते. पॅलाडिओच्या वळणाचे नवे इंग्रजी घर म्हणून अगदी पहिल्या घरांत त्याची गणना होते. कॅम्बेलने त्याचा नकाशा आपल्या संग्रहाच्या पहिल्याच भागात छापला. बेन्सनची पुढची गोष्ट मजेची आहे. वशिल्याने तो १७१८ मध्ये वृद्ध क्रिस्टोफर रेनला बाजूला सारून राजाचा मुख्य वास्तुअधिकारी झाला, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सची इमारत कोसळणार आहे असा खोटाच अहवाल दिल्यामुळे वर्षभरात त्याला जावे लागले. चांगले घर बांधणाऱ्याला चांगला इमारत-निरीक्षक होता येतेच असे नाही.

तर अशा या घरी पुण्याचा माजी रेसिडेंट राहायला गेला आणि १८१५ मध्ये वारला. त्याने थॉमस डॅनियलकडून एक भव्य चित्र करून घेतले होते: वेल्सच्या रेखाटनांवरून रंगवलेला, १७९० च्या तहाचा सवाई माधवरावांचा दरबार. शनिवारवाड्याच्या आतला महाल कसा होता, खांब-महिरपी कशा होत्या, हे दाखवणाऱ्या मोजक्या समकालीन साधनांत हे चित्र येते. वाड्याचा आतला भाग जळाला आणि त्याची आठवण एका इंग्रज घरमालकाच्या चित्रात उरली. मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंट यांच्या ‘मॉरिस’ या १९८७ च्या चित्रपटाचे काही चित्रण याच विल्बरीत झाले. इंग्रज उमरावांचे घर म्हणून पडद्यावर जे दिसते, त्याचा एक धागा संगमापर्यंत जातो.

संगमावरची रेसिडेन्सी मात्र राहिली नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्या दिवशी रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नदीपलीकडे निघून गेला आणि पेशव्यांच्या लोकांनी रेसिडेन्सी जाळली. एल्फिन्स्टनची पुस्तके आणि कागद त्यात गेले. जवळच दापोडीला, पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याने पवनेकाठी बांधलेले घर होते. ते सरकारने १८२८ मध्ये, माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, विकत घेतले. भोवती वनस्पती उद्यान झाले. नदीकाठ, बाग, मधोमध घर: इंग्लंडच्या खेड्यातल्या जॉर्जियन घराची हौस पुण्याजवळ सर्वांत जास्त भागली ती दापोडीत.

शिरूरला ही शैली आली ती तंबूंबरोबर. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे किमान सहा हजार पायदळ आपल्या राज्यात ठेवून घेण्याचे कबूल केले आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. या तैनाती फौजेची मोठी छावणी घोडनदीच्या काठी, पुणे-नगर वाटेवर पडली. पुण्यापासून चार-पाच मजलांवर: दरबाराला धाक वाटावा इतकी जवळ, नजरेत खुपू नये इतकी लांब. शिरूरला आजही लोक घोडनदी म्हणतात. इंग्रजांच्या कागदांत ते ‘सिरूर’ झाले.

अशा छावण्यांमध्ये साहेबाचे घर म्हणजे बंगला. शब्द बंगालच्या झोपडीचा, छप्पर गवताचे किंवा कौलारू, भिंती मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या, पुढे मागे पडवी. कोणी त्याला जॉर्जियन म्हणणार नाही. पण नकाशा काढला की ओळख पटते. मधोमध मोठी खोली, दोन्ही अंगांना सारख्या खोल्या, समोर मध्यावर दार, आवाराच्या मधोमध घर आणि नोकरांच्या खोल्या मागे दूर. पॅलाडिओच्या पुस्तकातून खांब, त्रिकोण आणि दगड काढून घेतले तर उरते ते हेच. कलकत्त्याच्या लाटसाहेबाचे घर १७९९ ते १८०३ या काळात केडलस्टन हॉल डोळ्यांसमोर ठेवून बांधले गेले. घोडनदीच्या कप्तानाला इतके परवडणारे नव्हते, तेव्हा त्याने नुसती मापे आणली. सरकत्या तावदानांची जागा लाकडी पट्ट्यांच्या झडपांनी घेतली, कारण चैत्रातल्या देशावरच्या उन्हात प्रकाश आत घेण्यापेक्षा बाहेर ठेवण्याची गरज जास्त.

दौंडला तीच मापे नंतर रेल्वेने आणली. पुणे-सोलापूर मार्गावर भीमेकाठी दौंड होतेच. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि ते जंक्शन झाले. तोवर इंग्लंडात जॉर्जियन शैली जुनाट ठरली होती, पण सरकारी बांधकामाच्या कपाटात तिचा आत्मा शाबूत होता. ठरलेला नकाशा, ठरलेल्या हुद्द्याला ठरलेल्या खोल्या, डावी बाजू उजवीसारखी. रेल्वे वसाहतीतल्या घरांच्या रांगा ही पुस्तकातून घर बांधण्याच्या त्याच सवयीची शेवटची पिढी. खिडकीच्या उंचीवरून मानपान कळावा तसा क्वार्टरच्या प्रकारावरून हुद्दा कळू लागला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी वसाहतीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

घोडनदीच्या काठी मात्र त्या काळातल्या दोन वास्तू अशा आहेत, ज्यांत कोणी कधी राहिले नाही. पहिली कबर. कर्नल विल्यम वॉलेस हा आसईच्या १८०३ च्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली होता, पुढे दख्खनच्या फौजेचा प्रमुख झाला आणि १८०९ मध्ये शिरूरला वारला. एखाद्या इंग्रज सेनापतीच्या कबरीचे पुढे काय होते, हे आपल्याला साधारण माहीत आहे: गवत वाढते, संगमरवर चोरीला जातो. इथे तसे झाले नाही. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की आसपासच्या गावांतले लोक वॉलेसला ‘सत्पुरुष’ मानतात आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य कबरीवर आणतात. विल्टशरमधला खंडकरी आपला वाटा जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे नेऊन देत होता. शिरूरचा कुणबी आपल्या मर्जीने, कोणाच्या हुकमाशिवाय, ओंजळभर बाजरी एका परक्या माणसाच्या कबरीवर ठेवत होता. कबर बांधली फौजेने. तिला देवस्थान केले गावाने.

दुसरी वास्तू कोरेगावच्या स्तंभाची. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या दिवशी, कॅप्टन स्टाँटनची सुमारे ८०० माणसांची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली आणि दिवसभर लढाई झाली. कंपनीने तिथे स्मारक उभारले: १८२१ मध्ये पाया, १८२२ मध्ये पूर्ण, सुमारे ६० फूट उंच. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आहे, नदीच्या दुसऱ्या काठावर स्तंभ आहे तो हवेली तालुक्यातल्या पेरणे गावात.

गादीवर चौथा जॉर्ज असताना उभा राहिलेला हा स्तंभ काटेकोर अर्थाने जॉर्जियन वास्तू आहे. वर निमुळता होत जाणारा चौकोनी दगडी स्तंभ हा प्रकार मुळात मिसरचा. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात तो जमीनदारांच्या बागांत शिरला. होकम या नॉरफोकमधल्याच घराच्या आवारात १७३० च्या सुमारास असा स्तंभ उभारला गेला, घराच्याही आधी. घराच्या दारातून पाहावे तर हिरवळीच्या टोकाला स्तंभ दिसावा, एवढाच हेतू. नजर कुठवर जाते आणि तिथवर जमीन कोणाची आहे, हे दाखवणारी ती खूण. कंपनीच्या अभियंत्यांना स्मारक म्हणजे काय हे विचारले तर त्यांच्या मनात हाच आकार येणार.

पण कोरेगावच्या स्तंभावर होकममध्ये नसलेली एक गोष्ट आहे: साध्या शिपायांची नावे. पडलेल्यांची ४९ नावे त्यावर कोरली आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. इंग्रजीबरोबर मराठीतही मजकूर आहे. कंपनीने तो आपल्या विजयाची जाहिरात म्हणून लावला, यात शंका नाही. पण ज्याला वाड्याच्या देवडीत प्रवेश नव्हता, त्याचे नाव दगडात, वाचता येईल अशा अक्षरांत, सरकारी वाटेवर लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या वारस सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा हीच नावे त्या सरकारविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. आज दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक येतात. स्तंभाच्या अर्थावरून वाद झाले, २०१८ मध्ये हिंसाही झाली. ज्या वास्तूवरून भांडण होते ती वास्तू जिवंत असते, एवढे तरी त्यावरून कळते.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशी शेकडो घरे पाडली गेली. वारसाकर, महायुद्धे, नोकरांची टंचाई. छप्पर गळू लागले की घर विकणे किंवा पाडणे एवढेच हाती राही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९७४ मध्ये या विध्वंसावर प्रदर्शन भरवले, तेव्हा लोक हळहळले आणि जपणूक वाढली. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने आपल्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा गुलामगिरीशी किंवा वसाहतींशी असलेला संबंध जाहीर केला, तेव्हा त्याच लोकांपैकी काही रागावले. घर पाहायला आवडते, घराचा हिशेब पाहायला आवडत नाही.

आपल्याकडे हा राग अजून यायचा आहे, कारण आपण हिशेब उघडलेलाच नाही. शिरूर-दौंड पट्ट्यात कोणत्याही जुन्या गावात चक्कर मारली तर ढासळलेली गढी, अर्धा वाडा आणि त्याच्या जोत्यावर उभे राहिलेले सिमेंटचे घर दिसते. वारस वाढले, खणांच्या वाटण्या झाल्या, सागवानी खांब पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत शोभेला गेले. हे थांबावे असे मलाही वाटते. पण वाडा जपायचा तर पुरा जपावा: चौकातल्या कोरीव खांबाबरोबर ती देवडीही, जिच्यापुढे काही माणसे थांबत होती, आणि तो जमाखर्चही, ज्यात माळव्याचा वसूल आहे. विल्बरीच्या भिंतीवर पुण्याचा दरबार टांगण्याची हौस मॅलेटला होती. मलठणच्या भिंतीवर माळव्यातल्या रयतेचे चित्र लावण्याची हौस कोणालाच झाली नाही.

पुण्याच्या संगमावरून निघालेले मुळा-मुठेचे पाणी, रेसिडेन्सीच्या जागेवरून वाहत, रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या मध्ये भीमेला मिळते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. कोरेगावच्या स्तंभाखालून आलेली भीमा तिथे ते पाणी घेते आणि दौंडच्या रेल्वे पुलाखालून पुढे जाते. या एवढ्या प्रवाहाच्या काठी गेल्या तीनशे वर्षांत मराठी सरदारांनी आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी कितीतरी घरे बांधली. रेसिडेन्सी जळाली, छावणीतले बंगले मातीला मिळाले, वाडे वाटण्यांत गेले. टिकल्या त्या कोणी न राहिलेल्या दोन वास्तू. एकीवर कुणब्याने बाजरी ठेवली, दुसरीवर महाराने आपल्या पूर्वजाचे नाव वाचले. बांधणाऱ्यांच्या मनात यांपैकी काहीच नव्हते.